एका सेंटचे तिकीट आणि आठ रोगी

श्रोतेहो, संक्रांतीच्या दिवसांत भेटकार्डाच्या पाकिटात चिमूटभर हलवा घालायचा आणि तो दूरच्या आप्तांना टपालाने धाडायचा, ही चाल तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या आठवड्यात पोस्टातल्या माणसांची कशी त्रेधा उडे, तेही जुन्या मंडळींना आठवत असेल. युरोप-अमेरिकेत हीच गत नाताळच्या आधी होते. २५ डिसेंबर जवळ आला की घरोघर शुभेच्छापत्रे लिहायला बसतात आणि टपालाच्या पिशव्या फुगू लागतात. आज सांगणार आहे ती हकीकत या फुगलेल्या पिशव्यांतूनच निघाली आहे. तिच्यात लढाई नाही, आणि राजाराणी आहेत ते नावापुरते. एक पोस्टातला नोकर आहे, एक बाई आहे, एक डॉक्टर आहे, आणि नदीकाठच्या एका लहानशा खोपटात पडून असलेले आठ रोगी आहेत.

साल १९०७. ठिकाण अमेरिकेतले डेलावेर राज्य. राज्य म्हटले तरी केवढे? आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही आकाराने लहान. त्यातले मोठे शहर विल्मिंग्टन, आणि त्या शहरातून वाहणारी ब्रँडीवाइन नावाची नदी. या नदीच्या काठी डॉक्टर जोसेफ वेल्स आणि त्यांचे काही सोबती मिळून एक छोटे रुग्णालय चालवीत होते. रुग्णालय हा शब्दही मोठाच. एक साधे लाकडी खोपट, आणि आत आठ गरीब क्षयरोगी.

आता क्षय म्हणजे त्या काळी काय होते, हे आजच्या तरुणांना सांगावे लागेल. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. चोर कोण ते कळले, पण चोराला पकडायला हत्यार नव्हते! त्यानंतर पंचवीस वर्षे उलटली तरी या रोगावर गुणकारी असे एकही औषध निघाले नव्हते. डॉक्टरांच्या हाती तीनच गोष्टी होत्या: मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, आणि दूध-अंडी असा सकस आहार. ऐन हिवाळ्यातसुद्धा रोग्याला घोंगड्यांत गुंडाळून उघड्या ओसरीवर निजवीत. एवढ्यावर काही बरे होत, पुष्कळ बरे होत नसत. ज्यांच्या गाठी पैसा होता ते डोंगरातल्या आरोग्यधामात जाऊन राहत. आपल्या पाचगणीला डॉक्टर बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल एअर हे आरोग्यधाम काढले, ते याच विचाराने.

पण गरिबाने काय करावे? मजुरी करणाऱ्या माणसाला विश्रांती म्हणजे उपास. घरात खोली एक, तिच्यात माणसे सहा. डॉक्टरने शुद्ध हवा सांगायची आणि रोग्याने ती कुठून आणायची? आणि याहून वाईट होती ती लाज. आपल्याकडे घरात क्षय आहे असे कळले की ठरलेले लग्न मोडे, शेजारी पाणी घ्यायला कचरत, म्हणून लोक 'जुना खोकला आहे' असे सांगून वेळ मारून नेत. तिकडेही फार वेगळे नव्हते. रोग लपवला जाई, लपवल्यामुळे पसरे, आणि पसरला म्हणून आणखी लपवला जाई.

अशा स्थितीत वेल्स डॉक्टरांच्या खोपटाची गंगाजळी आटली. हिवाळा काढायला तीनशे डॉलर हवे होते. ते मिळाले नाहीत तर दार बंद करायचे आणि आठही जणांना आपापल्या घरी पाठवायचे. घरी म्हणजे कुठे, ते डॉक्टरांना ठाऊक होते. त्या एका खोलीत, पोराबाळांच्या शेजारी. रोगी तर जाणारच, पण जाताना आणखी दोघातिघांना घेऊन जाणार. डॉक्टरांनी आपल्या चुलत्या-मावळ्यांच्या नात्यातल्या एका बहिणीला गाठले. तिचे नाव एमिली बिसेल.

ही बाई मोठी गमतीदार होती. जन्म १८६१ चा. घरची सुखवस्तू, लग्न केले नाही, विल्मिंग्टनमधल्या नाना सार्वजनिक कामांत वाहून घेतलेले, आणि डेलावेरच्या रेडक्रॉसची चिटणीस. प्रिसिला लिओनार्ड या टोपणनावाने ती लिहीतही असे. पण बायकांना मताचा अधिकार द्यावा की नाही, असा वाद त्या काळी अमेरिकेत पेटला होता, तर ही बाई चक्क 'देऊ नये' म्हणणाऱ्यांच्या बाजूला होती आणि त्यासाठी व्याख्याने देत फिरे! तिचे ते मत आपल्याला पटणारे नाही, आणि अमेरिकेनेही १९२० साली ते खोटे ठरवले. तरी ज्या बाईला बायकांनी मतपेटीकडे जाऊ नये असे वाटे, तीच बाई त्या डिसेंबरात पोस्टात टेबल मांडून बसली आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांचे जिने चढली. माणसाला एका मापाने मोजता येत नाही, दुसरे काय.

भावाची अडचण ऐकताना एमिलीबाईंना काही महिन्यांपूर्वी वाचलेला एक लेख आठवला. तो लिहिला होता जेकब रीस या पत्रकाराने. रीस मूळचा डेन्मार्कचा, पोट भरायला न्यूयॉर्कला आलेला, आणि तिथल्या गरीब वस्त्यांची दैना जगापुढे मांडून प्रसिद्धीस आलेला. त्याचे स्वतःचे सहा भाऊ क्षयाने गेले होते. मायदेशातून आलेल्या पत्रांवर त्याला एक अनोळखी तिकीट चिकटवलेले दिसले, त्याने चौकशी केली, आणि १९०७ च्या जुलैमध्ये 'आउटलुक' या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. ते तिकीट काय होते हे समजायला आपल्याला चार वर्षे मागे आणि समुद्रापलीकडे जावे लागेल.

डेन्मार्कच्या टपालखात्यात आयनर होल्बोल नावाचा एक गृहस्थ नोकरीला होता. १९०३ च्या नाताळात पत्रांच्या राशी वेगळ्या करता करता त्याच्या मनात आले, की यातल्या प्रत्येक पत्रावर टपालहशिलाखेरीज आणखी एक अगदी स्वस्त तिकीट लावले, तर किती पैसा गोळा होईल! दररोज हजारो पत्रे हाताखालून जातात त्यालाच असला हिशेब सुचायचा. एखाद्या अर्थमंत्र्याला तो सुचला नसता, कारण त्याने पत्रे मोजलेली नसतात. होल्बोलने वरिष्ठांना गाठले, वरिष्ठांनी राजे नववे ख्रिश्चन यांच्या कानावर घातले, आणि १९०४ मध्ये पहिले नाताळतिकीट निघाले. त्यावर दिवंगत राणी लुईझ हिचे चित्र होते. डेन्मार्कची वस्ती तेव्हा अवघी पंचवीस लाखांच्या आसपास, आणि पहिल्याच नाताळात तिकिटे खपली चाळीस लाखांहून अधिक. म्हणजे पाळण्यातले मूल धरले तरी दर माणसी एकाहून जास्त! त्या पैशातून क्षयी मुलांसाठी आरोग्यधाम बांधायचे ठरले आणि कोल्डिंग गावाजवळ खाडीच्या काठी ते १९११ मध्ये उभे राहिले.

आता परत विल्मिंग्टनला येऊ. एमिलीबाईंनी कागद घेतला आणि स्वतःच एक चित्र काढले. नाताळात दारावर लावतात त्या होली नावाच्या झुडपाच्या पानाफळांची वेलपत्ती, मधे लाल क्रूस, आणि नाताळच्या शुभेच्छा. लाल क्रूस ही रेडक्रॉसची निशाणी, म्हणून त्या संस्थेची रीतसर परवानगी काढली. छपाईला पैसे नव्हते, तेव्हा मैत्रिणींकडून चाळीस डॉलर उसने घेतले आणि पन्नास हजार तिकिटे छापली. किंमत ठेवली एक सेंट.

शिक्षक मंडळींनी इथे जरा थांबून वर्गात हे गणित घालावे. एका डॉलरचे सेंट शंभर. म्हणजे तीनशे डॉलर जमवायला तीस हजार तिकिटे खपायला हवीत. छापलेली सगळीच्या सगळी खपली तर पाचशे डॉलर. त्यातून उसने घेतलेले चाळीस फेडायचे. हिशेब कागदावर छान जुळतो. पण विल्मिंग्टन तेव्हा काही फार मोठे शहर नव्हते, आणि नाताळाला उरले होते जेमतेम अडीच आठवडे.

७ डिसेंबर १९०७ रोजी विल्मिंग्टनच्या पोस्टाच्या दालनात टेबल मांडून विक्री सुरू झाली. पंचवीस-पंचवीस तिकिटांची पाकिटे करून ठेवली होती. पाकिटावर इतर मजकुराबरोबर एक खुलासाही छापला होता, त्याचा मतलब असा, की या तिकिटावर पत्र जाणार नाही, पण कोणतेही पत्र या तिकिटाला आपल्यासोबत नेईल. लोक येत, पाहत, कोणी एक घेई, कोणी पाकीट घेई. विक्री होत होती, पण रेंगाळत. या चालीने तीस हजारांचा आकडा नाताळापर्यंत गाठणे कठीण, हे दिसू लागले.

तेव्हा एमिलीबाई आगगाडीत बसल्या आणि फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे 'नॉर्थ अमेरिकन' नावाचे मोठ्या खपाचे दैनिक होते. रविवारच्या अंकाच्या संपादकाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि नकार दिला. क्षयरोग आणि नाताळचा आनंद एका पानावर कसे बसवायचे? त्या संपादकाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. सणासुदीला घरात अभद्र बोलू नये असे आपणही म्हणतोच की.

निघता निघता बाई त्याच कचेरीत ली मिचेल हॉजेस या स्तंभलेखकाला भेटायला गेल्या. त्याचे सदर त्या वाचत असत, म्हणून दोन शब्द बोलावेत इतकेच. बोलण्याच्या ओघात तिकिटांचा कागद त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. हॉजेसने तो पाहिला मात्र, तसाच हातात घेऊन तो मुख्य संपादकाच्या खोलीत शिरला. एका सेंटच्या तिकिटाने क्षयाशी झुंज! मुख्य संपादकाला कल्पना भावली आणि त्याने सगळे वर्तमानपत्र बाईंच्या दिमतीला दिले. त्या दिवसापासून नाताळापर्यंत रोज त्या तिकिटाची बातमी येत राहिली. पहिली तिकिटे संपली, पुन्हा छापली, तीही संपली.

त्या वर्तमानपत्राच्या कचेरीतही तिकिटांची विक्री चाले. तिथे एक दिवस फाटक्या कपड्यांतला, पेपर विकणारा एक पोरगा आला, टाचा उंचावून त्याने मेजावर एक सेंट ठेवला आणि एक तिकीट मागितले. बहिणीला तोच रोग झालाय, असे तो म्हणाला, असे सांगतात. ही गोष्ट पुढे अमेरिकेत शेकडो वेळा सांगितली गेली. त्या मुलाचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. पण मला विचाराल तर सगळ्या हकीकतीचे मर्म त्या एका वाक्यात आहे. ज्या रोगाचे नाव शेजारच्या घरात काढायची चोरी, ते त्या पोराने चारचौघांत, मोठ्या कचेरीत, उघड उच्चारले. आणि त्याला ते उच्चारता आले, कारण समोर लोक रांगेने तेच तिकीट घेत होते.

नाताळ पार पडला. हिशेब केला तेव्हा रक्कम निघाली तीन हजार डॉलर. हवे होते त्याच्या दहापट! म्हणजे सेंटा-सेंटाची तिकिटे धरली तर तीन लाख झाली. खोपटातल्या आठ जणांना हिवाळ्यात बाहेर काढावे लागले नाही.

तुम्ही म्हणाल, अहो, विल्मिंग्टनमध्ये धनिक नव्हते काय? होते, आणि चांगले गडगंज होते. त्या ब्रँडीवाइनच्याच काठी बंदुकीच्या दारूचे कारखाने काढून द्यू पाँ घराणे कोट्यधीश झाले होते. त्यांच्यासारख्या एखाद्याने एका धनादेशाने तीनशे डॉलरचा प्रश्न मिटवला असता. मग पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच दारी जावे लागले असते, आणि रोगाचे नाव पूर्वीइतकेच लपलेले राहिले असते. तिकिटाने दोन्ही बदलले. एका सेंटला दान म्हणायची कोणाची जीभ वळत नाही. देणाऱ्याला मोठेपणा नाही, घेणाऱ्याला मिंधेपण नाही. शिवाय पैसे देऊन काम संपत नसे. ते तिकीट हाताने चिकटवायचे, ते पत्रावर बसून गावोगाव जायचे, पोस्टमनने पाहायचे, पत्र घेणाऱ्याने पाहायचे, आणि त्याने विचारायचे की हे काय? तीन लाख तिकिटे म्हणजे तीन लाख वेळा क्षयाची गोष्ट घरात निघाली. त्या काळी नभोवाणी नव्हती. एवढा प्रचार दुसऱ्या कशाने झाला असता?

१९०८ मध्ये अमेरिकेच्या रेडक्रॉसने हे काम देशभर हाती घेतले आणि त्या नाताळात एक लाख पस्तीस हजार डॉलर जमले. पुढे ते क्षयरोग निवारणाच्या राष्ट्रीय संस्थेकडे गेले आणि तिकिटावर लाल क्रूसाच्या जागी दोन आडव्या दांड्यांचा क्रूस आला. हे चिन्ह १९०२ मध्ये बर्लिनच्या क्षयरोग परिषदेत फ्रान्सच्या डॉक्टर सेर्सिरों यांनी सुचवले होते. जगभर क्षयाविरुद्धच्या कामाची खूण म्हणून ते आजही वापरतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. तिकिटाने क्षय बरा होत नव्हता. त्या पैशातून खाटा आल्या, परिचारिका आल्या, क्ष-किरणांची यंत्रे आली, गावोगाव माहिती गेली. पण औषधासाठी जगाला १९४३ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी स्ट्रेप्टोमायसिन सापडले, आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे स्वस्त आणि प्रभावी औषध वापरात आले. मधल्या छत्तीस वर्षांत तिकिटे घेणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी कितीतरी जणांच्या घरची माणसे वाचली नाहीत. तरी दर डिसेंबरला ती माणसे तिकीट घेतच राहिली.

ही कल्पना आपल्या देशातही आली, आणि येताना तिने पेहराव बदलला. भारतीय क्षयरोग संघाची स्थापना १९३९ मधली. या संघाने १९५० पासून क्षयरोगाच्या तिकिटांची मोहीम सुरू केली. पण मुहूर्त नाताळाचा न धरता २ ऑक्टोबरचा, गांधीजयंतीचा धरला. शाळेत गुरुजींनी वाटलेली ती रंगीत तिकिटे काही पैशांना विकत घेतल्याचे किंवा आळीत दारोदार फिरून खपवल्याचे तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. पोरांना ती टपालाची तिकिटे वाटत, आणि पोस्टात चालत नाहीत म्हटल्यावर हिरमोड होई. वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून ती वर्षभर मिरवली जात. त्यावरचा लाल दुहेरी क्रूस हा तोच, बर्लिनच्या परिषदेतला.

आणि पुढे या इतिहासाला वळण दिले ते आपल्याच मद्रास शहराने. १९५६ मध्ये तिथे क्षयाच्या औषधोपचाराचे संशोधनकेंद्र निघाले. केंद्राने १९३ गरीब रोगी घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एक गट आरोग्यधामात, चांगल्या खुराकावर आणि विश्रांतीत ठेवला. दुसरा घरीच, त्याच दाटीवाटीच्या वस्तीत, त्याच अपुऱ्या जेवणावर. औषधे दोघांना तीच. १९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा जगातले डॉक्टर चकित झाले. घरी औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्या माणसांना जास्त लागणही झालेली नव्हती. म्हणजे वेल्स डॉक्टरांना ज्या घराची धास्ती होती, त्याच घरात आता औषधाच्या बळावर रोगी बरा होऊ शकत होता. १९६२ मध्ये सुरू झालेला आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभारला गेला. औषध अर्धवट सोडले तर रोग उलटतो आणि मग जुमानत नाही, ही अडचण तेव्हाही होती आणि आजही आहे.

एमिली बिसेल १९४८ मध्ये वारल्या. त्याआधी, १९४२ मध्ये, क्षयरोगाच्या कामासाठी दिले जाणारे ट्रूडो पदक त्यांना मिळाले होते. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीला ते प्रथमच दिले गेले. १९८० मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. हे मात्र खरे तिकीट, यावर पत्र जात असे.

आयनर होल्बोल १९२७ मध्ये गेला. कोल्डिंगच्या खाडीकाठचे ते आरोग्यधाम औषधे आल्यावर रिकामे पडत गेले, आणि पुढे त्या इमारतीत हॉटेल झाले. डेन्मार्कमध्ये नाताळतिकीट अजूनही दर वर्षी निघते. त्याच्या पैशावर लहान मुलांसाठी काही घरे चालवली जातात. शाळेत चिडवली गेलेली, एकटी पडलेली, वजन फार वाढलेली मुले तिथे सुमारे दहा आठवडे राहायला येतात, मिळून जेवतात, खेळतात आणि मग आपापल्या घरी जातात.